धबधब्याच्या पायथ्याशी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात महागाव नावाचा तालुका आहे. काळीभोर जमीन, कापसाची, तुरीची व सोयाबीनची शेते आणि मधूनमधून सागाची वने अंगावर घेऊन उभे असलेले ठेंगणे डोंगर, असे या तालुक्याचे रूप आहे. पुसदकडून येणारी पूस नदी या तालुक्यातून वाहते आणि हिवरा संगमच्या परिसरात पैनगंगेला मिळते. पैनगंगेच्या पलीकडे माहूरचा डोंगराळ मुलूख लागतो. हिवाळ्यातील एखाद्या सकाळी या बाजूच्या काठावर उभे राहिले, तर पैनगंगा अगदी शांत वाटते. काठच्या करंजाची पाने पाण्यात पडतात व हलकेच पुढे सरकतात. बगळे एका पायावर उभे राहून मासे टिपतात. या संथ पाण्याकडे पाहून कोणाला वाटेल की, हेच पाणी वरच्या अंगाला काळ्या खडकांवरून उड्या घेत, गर्जना करीत खाली आले आहे? पण तसे ते आले आहे खरे. त्या ठिकाणाचे नाव सहस्रकुंड.

पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. पूर्वेकडे वाहत जाऊन ती वर्धा नदीला मिळते. वर्धेचे पाणी पुढे वैनगंगेला, तेथून प्राणहितेच्या रूपाने गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाऊन पोचते. या लांबच्या प्रवासात पैनगंगा बराच काळ जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते. सहस्रकुंडाजवळ तिच्या एका तीरावर यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुका आहे, तर दुसऱ्या तीरावर नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुका व त्यातील इस्लापूर हे गाव आहे. येथे नदीचे पात्र एकाएकी तुटते. रुंद पसरलेला प्रवाह अनेक धारांनी खाली कोसळतो. खडकात जागोजागी पाण्याने कोरलेली कुंडे आहेत. हजार कुंडांचे ते सहस्रकुंड, असे हे अर्थपूर्ण नाव आहे. येथील खडक पाण्याने घासून इतका गुळगुळीत व काळा झाला आहे की, ऊन पडले म्हणजे तो लोखंडासारखा चकाकतो. काठावर महादेवाचे मंदिर आहे. पावसाळ्यात दूरदूरचे लोक हा देखावा पाहावयास येतात.

सहस्रकुंड हा काही फार उंच धबधबा नव्हे. कर्नाटकात शरावती नदी जोग येथे सुमारे २५३ मीटर खाली उडी घेते. तेवढी उंची येथे नाही. तरीही पैनगंगेला पूर आला म्हणजे या ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाला शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. बहुतेक लोक वरच्या काठावरून धबधबा पाहतात आणि परत जातात. वरून पाहणे सोयीचे असते, परंतु त्यात धबधबा अर्धाच दिसतो. पाणी कोठून सुटते, हे वरून कळते. ते कोठे पडते, पडून काय करते, खडक कसा कोरते आणि ही उंची नदीने कशी मिळविली, हे मात्र पायथ्याशी गेल्यावाचून कळत नाही. कोणत्याही धबधब्याचे हेच आहे. आणि पायथ्याकडे जावयाचे म्हटले की, बहुधा पायवाट नसते. दगडधोंड्यांनी भरलेले नदीचे पात्र हीच तेवढी वाट. अशी वाट कशी चालावी आणि ती केव्हा चालू नये, हे आज आपण समजून घेऊ.

आधी धबधबा तयार कसा होतो, ते पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आज ज्याला आपण दख्खनचे पठार म्हणतो, त्या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला शिलारस बाहेर आला. तो दूरवर पसरला व थिजला. काही काळाने त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. असे एकावर एक थर साचून आपला काळा दगड तयार झाला. हाच बेसाल्ट खडक होय. हे सर्व थर सारखे नसतात. काही घट्ट व कठीण असतात. काहींत वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळे ते सच्छिद्र व ठिसूळ झालेले असतात. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टाही आढळतो. विहीर खणताना हे वेगवेगळे थर तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असतील.

अशा थरांवरून नदी वाहू लागली म्हणजे ती मऊ थर लवकर झिजविते व कठीण थर सावकाश झिजविते. त्यामुळे पात्रात प्रथम एक लहानशी पायरी पडते. पायरीवरून पडणारे पाणी खालच्या मऊ दगडावर आपटते, तो पोखरते, आणि वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे उरतो. खालचा आधार गेल्यावर एक दिवस हा छज्जा मोडून खाली पडतो. पायरी अधिक उंच होते व थोडी मागे सरते. हे काम हजारो वर्षे चालते आणि पायरीचा कडा होतो. म्हणजे धबधबा एका जागी स्थिर नसतो. तो उगमाच्या दिशेने हळूहळू मागे जात असतो. उत्तर अमेरिकेतील नायगारा हा प्रसिद्ध धबधबा गेल्या सुमारे १२,००० वर्षांत अशा रीतीने जवळजवळ ११ किलोमीटर मागे सरला आहे. धबधब्याच्या पायथ्याशी जे प्रचंड धोंडे विखुरलेले दिसतात, ते दुसरे काही नसून एकेकाळचा कडाच होय.

कुंडांची गोष्टही अशीच आहे. प्रवाहाबरोबर आलेले गोटे खडकाच्या एखाद्या खळग्यात अडकतात. भोवऱ्यातील पाणी त्यांना गरगर फिरवीत राहते. जात्यात दाणे भरडले जातात, त्याप्रमाणे हे गोटे फिरता फिरता खळग्याचा तळ व कडा घासतात. खळगा रुंद होतो, खोल होतो आणि रांजणासारखा दिसू लागतो. म्हणून अशा खळग्यांना रांजणखळगे म्हणतात. पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात असे रांजणखळगे पुष्कळ आहेत व ते पाहावयास लोक मुद्दाम जातात. पाण्याला धार नसते, हात घातला तर ते बोटांमधून निघून जाते. परंतु त्याच्या हाती दगड सापडला, म्हणजे ते खडकही कोरू शकते.

आता चला, मनाने आपण एका सहलीस निघू. दसरा नुकताच झाला आहे. पाऊस थांबला आहे व आकाश निरभ्र आहे. महागाव तालुक्यातील एका शाळेची मुले व मुली आपल्या गुरुजींबरोबर सहस्रकुंडाच्या खालच्या अंगाला नदीकाठी उतरली आहेत. प्रत्येकाजवळ शिदोरी आहे. तिच्यात ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा व कांदा आहे. बरोबर एक वृद्ध भोई आहेत. त्यांचा सारा जन्म या नदीवर मासे धरण्यात गेला. मुले त्यांना ‘आबा’ म्हणतात. पात्रातून वरच्या बाजूस चालत जाऊन धबधब्याचा पायथा गाठावयाचा, असा बेत आहे. गुरुजींनी निघण्यापूर्वी काठच्या गावात चौकशी केली आहे आणि आपण कोठे जात आहोत व केव्हा परतणार, हे तेथील लोकांना सांगून ठेवले आहे. वाट नसलेल्या वाटेवरचा हा पहिला नियम आहे. आपण कोठे गेलो, हे मागे कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे.

आबा सर्वांना एकेक काठी देतात व सांगतात, “पाऊल टाकायच्या आधी काठी टाका. काठीने दगड हलला, तर तो पायाखालीही हलेल.” थोडे पुढे गेल्यावर ते खडकांचे रंग दाखवितात. कोरडा खडक करडा दिसतो. त्यावर पाय ठरतो. ओला खडक काळा दिसतो. त्यावर जपून चालावे. हिरवट किंवा तपकिरी झाक असलेल्या खडकावर शेवाळ असते. त्यावर पाऊलच ठेवू नये, मग तो कितीही सपाट व सोयीचा दिसो. जेथे खडक उतरता असेल, तेथे दोन पाय व एक हात, अथवा दोन हात व एक पाय, असे तीन आधार कायम ठेवावेत आणि चौथाच तेवढा हलवावा. सुट्या धोंड्यांच्या चढणीवर एकाच्या बरोबर मागे दुसऱ्याने चढू नये. पुढच्याच्या पायाने सुटलेला दगड मागच्याच्या डोक्यावर येतो.

एका उंबराच्या झाडाजवळ आबा थांबतात. झाडाच्या फांद्यांत वाळलेले गवत, काटक्या व एक फाटके पोते अडकलेले आहे. ते मुलांच्या डोक्याच्याही वर आहे. “हे येथे कोणी ठेवले असेल?” गुरुजी विचारतात. मुले विचारात पडतात. मग एक मुलगी म्हणते, “गुरुजी, पुराने!” तिचे उत्तर बरोबर आहे. पुराचे पाणी या उंचीपर्यंत चढले होते, हे त्या गवताने लिहून ठेवले आहे. ज्याला ही लिपी वाचता येते, त्याला नदी स्वतःच सांगते की, मी कोठवर येऊ शकते. त्यामुळे विसाव्याची जागा, शिदोरी सोडण्याची जागा आणि संकटसमयी चढून जाण्याची जागा या खुणेच्या वर निवडावयाची असते. आबा चालता चालता दर थोड्या अंतरावर काठाकडे पाहत आहेत. या ठिकाणाहून वर चढता येईल काय, हा प्रश्न ते मनाशी सतत विचारीत आहेत.

गुरुजी आणखी एक गोष्ट शिकवितात. ते मुलांना मधूनमधून मागे वळून पाहावयास सांगतात. जाताना जो धोंडा डाव्या हाताला उंच व टोकदार दिसतो, तोच परतताना उजव्या हाताला येतो आणि निराळा भासतो. पायवाटेवर हा प्रश्न नसतो, कारण वाटच आपल्याला परत नेते. जेथे वाट नाही, तेथे परतीची वाट जातानाच पाठ करावी लागते. वळणाच्या ठिकाणी मुले तीन-चार दगड एकावर एक रचून खूण करतात.

धबधब्याचा घनगंभीर आवाज आता स्पष्ट ऐकू येऊ लागला आहे. वळणापलीकडे पांढरा फेस दिसतो आहे. मुलांच्या पावलांना वेग येतो. तेवढ्यात आबा पाण्याच्या काठाशी बसतात व अगदी कडेला, पाणी जेथे नुकतेच खडकाला शिवते आहे, तेथे तीन गोटे ओळीने मांडतात. पहिला पाण्याला लागून, दुसरा त्याच्या थोडा वर, तिसरा त्याच्याही वर. मग ते स्वस्थ बसून राहतात. मुलांना या थांबण्याचा कंटाळा येतो. थोड्या वेळाने पहिला गोटा पाण्याखाली जातो. आबा उठून उभे राहतात. प्रवाहातून काही काटक्या व पळसाची पाने वाहत येत आहेत. मघाशी तळ दाखविणारे पाणी किंचित गढूळ झाले आहे. दुसऱ्या गोट्याचे बूड ओले होते.

“गुरुजी, परत फिरू या. आणि काठाने नाही, येथूनच वर चढू या,” आबा शांतपणे म्हणतात.

“पण आबा, पाणी तर आहे तेवढेच दिसते! आभाळही स्वच्छ आहे. धबधबा तर हा समोर आला,” एक मुलगा काकुळतीने म्हणतो.

“पोरा, तू धबधब्याकडे पाहतो आहेस. मी दगडाकडे पाहतो आहे. नदी आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून वाढत नाही. ती वरच्या गावचे आभाळ पाहून वाढते.”

सगळे जण पुराच्या खुणेच्या वर चढून बसतात. मुलांचे चेहरे उतरले आहेत. परंतु तासाभरात त्यांच्या डोळ्यांदेखत तिन्ही गोटे दिसेनासे होतात. ज्या सपाट खडकांवरून ती चालत आली होती, ते खडकही पाण्याखाली जातात. आता कोणीच काही बोलत नाही. मघाचा मुलगा आपल्या काठीकडे पाहत राहतो.

आबांच्या बोलण्यातील मर्म आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. पैनगंगेला मिळणारे पाणी वाशीम, हिंगोली यांसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून येते. कयाधूसारख्या नद्या ते घेऊन येतात. तिकडे जोराचा पाऊस झाला, तर इकडे कडक ऊन असतानाही पाणी वाढते. शिवाय पैनगंगेवर वरच्या अंगाला इसापूरचे मोठे धरण आहे. पावसाळ्याच्या शेवटी धरण भरलेले असते. तशात परतीचा पाऊस आला, म्हणजे धरणाची दारे उघडून पाणी नदीत सोडावे लागते. ते सहस्रकुंडावरून खाली येते. अशा वेळी नदीकाठच्या गावांना सावधगिरीची सूचना देण्यात येते. ती ऐकणे आणि पाळणे हे ज्याचे त्याचे काम आहे. पाणी गढूळ होणे, पाने व काटक्या वाहत येणे, आवाज बदलणे आणि काठ वर सरकणे या नदीच्या चार सूचना आहेत. यांपैकी एक जरी मिळाली, तरी विचार करीत बसू नये. आधी उंच जागी चढावे आणि मग विचार करावा.

“मग पायथ्याशी जाऊन असे मोठे काय मिळते?” असे तुम्ही विचाराल. याचे उत्तर जगाच्या दुसऱ्या टोकाला घडलेल्या एका हकीकतीत आहे. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला या देशात घनदाट अरण्यातून वर आलेले सपाट माथ्याचे प्रचंड डोंगर आहेत. त्यांपैकी एका डोंगराच्या कड्यावरून जगातील सर्वांत उंच धबधबा कोसळतो. तेथील पेमोन नावाचे आदिवासी लोक त्याला पिढ्यान्‌पिढ्या केरेपाकुपाई मेरू म्हणत आले आहेत. १९३३ साली जिमी एंजल हा अमेरिकन वैमानिक त्याच्यावरून उडत गेला व त्याने त्याची वार्ता बाहेरच्या जगाला सांगितली. १९३७ साली त्याने आपले विमान त्या डोंगराच्या माथ्यावरच उतरविले. परंतु विमानाची चाके चिखलात रुतली. तो, त्याची पत्नी आणि दोन सोबती यांना वाट नसलेल्या त्या डोंगरावरून पायी खाली यावे लागले. त्या उतरणीला ११ दिवस लागले. चौघेही सुखरूप परत आले. पुढे त्या धबधब्याला एंजल याचेच नाव मिळाले.

एवढे होऊनही धबधब्याची खरी उंची कोणाला ठाऊक नव्हती. विमानातून ती दिसत होती, परंतु मोजता येत नव्हती. हे काम १९४९ साली झाले. रूथ रॉबर्टसन या अमेरिकन स्त्री-छायाचित्रकाराने एक पथक तयार केले. झाडाचे खोड कोरून बनविलेल्या होड्यांतून हे लोक नदीच्या उलट दिशेने वर गेले. होडी पुढे जाईना, तेथे ते पायी निघाले. पेमोन लोक त्यांच्या सोबतीला होते. नदी, खडक व अरण्य यांचे त्यांना असलेले ज्ञान हाच पथकाचा खरा आधार होता. मे महिन्यात हे पथक पायथ्याच्या भागात पोचले. पथकातील अभियंत्याने कोन मोजण्याच्या उपकरणाने कड्याची मोजणी केली. उंची भरली ९७९ मीटर. माथ्यावर जे समजले नाही, ते पायथ्याशी समजले.

अशी मोजणी तुम्हालाही साध्या साधनांनी करता येईल. तिचे तत्त्व सहलीच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी मुलांना समजावून देणार आहेत. तर आता आपण पुन्हा पैनगंगेकडे वळू. पौष महिना लागला आहे. शेतांत कापसाची वेचणी चालू आहे. धारा बारीक झाल्या आहेत. या वेळी गुरुजींनी धरणातून पाणी सोडणार आहेत काय, याची आधी चौकशी केली आहे. हिवाळ्यातही शेतीसाठी पाणी सोडले जाते, हे आता मुलांनाही ठाऊक झाले आहे. आबांनी सांगण्याच्या आधीच मुले पाण्याच्या कडेला तीन गोटे मांडतात आणि वाट पाहतात. पहिला गोटा कोरडाच राहतो. आबा मान डोलावतात. मंडळी पुढे निघते.

वळण ओलांडताच गार वाऱ्याचा झोत अंगावर येतो. आजूबाजूची झाडे मात्र निश्चल आहेत. हा वारा धबधब्याचाच आहे. पडणारे पाणी आपल्याबरोबर हवा खाली ओढून आणते. ती खाली आपटून चहूकडे पसरते. तिच्याबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषार उडतात व मुलांच्या भुवयांवर बसतात. सकाळचा सूर्य पाठीशी आहे, म्हणून समोरच्या तुषारांत इंद्रधनुष्याची कमान दिसते. एक मुलगी कमान अधिक जवळून पाहावी म्हणून दोन पावले पुढे जाते, तशी कमानही मागे सरते. इंद्रधनुष्य ही एका जागी ठेवलेली वस्तू नव्हे. सूर्य, तुषार आणि पाहणाऱ्याचा डोळा या तिघांनी मिळून ते घडते. म्हणून प्रत्येकाचे इंद्रधनुष्य त्याचे स्वतःचे असते.

डोहाचे पाणी निळसर हिरवे दिसते. ते पाहून पोहण्याचा मोह होतो. आबा मात्र सर्वांना डोहापासून दूर, कोरड्या खडकावर बसवितात. उंचावरून पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर खाली येते, दोन सेकंदांत २० मीटर आणि तीन सेकंदांत ४५ मीटर. पाण्याचा वेगही असाच वाढत जातो. असे वेगाने पडणारे पाणी डोहात खोल घुसते आणि पृष्ठभागावरील पाणी पुन्हा धारेकडे खेचले जाते. त्या ओढीत सापडलेला माणूस धारेखाली जातो. शिवाय फेसाळ पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे असतात. त्यामुळे ते हलके असते व माणसाला पुरेसे वर उचलून धरीत नाही. उत्तम पोहणाराही अशा पाण्यात बुडतो. वरून केव्हा दगड सुटेल, याचाही नेम नसतो. म्हणून धबधब्याच्या पायथ्याशी जावे, पण धारेच्या खाली जाऊ नये.

मग गुरुजी दोन कागद काढतात. पहिला कागद चौरस आहे. त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ते तिरकी घडी घालतात. दुसरा कागद रुंदीच्या दुप्पट लांब आहे. त्यालाही ते अशीच तिरकी घडी घालतात. “पहिल्या कागदाची लांब बाजू व रुंद बाजू सारख्याच आहेत,” ते सांगतात. “तिची खालची कड आडवी ठेवून तिरक्या घडीवरून पाहा. धबधब्याचा माथा नेमका त्या रेषेत येईल, तोपर्यंत मागे सरका. तेथे तुमचे धबधब्यापासूनचे अंतर माथ्याच्या उंचीएवढे असते. आता दुसरा कागद लांब कड खाली ठेवून तसाच धरा व सरळ मागे जात राहा. माथा पुन्हा रेषेत आला, म्हणजे तुमचे अंतर उंचीच्या दुप्पट झाले. एकपट आणि दुप्पट यांतील फरक म्हणजे पुन्हा उंचीच! तेव्हा त्या दोन जागांमधले अंतर दोरीने मोजा. त्यात आपल्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची मिळवा. धारेजवळ न जाता तुम्हाला धबधब्याची उंची मिळेल.”

मुले काठाच्या सपाट भागावर मोजणीला लागतात. कोणी कागद धरतो, कोणी दोरी ओढतो, कोणी आकडा वहीत टिपतो. दोन तुकड्यांची उत्तरे थोडी वेगळी येतात, तेव्हा ती पुन्हा मोजतात. ज्याला त्या दिवशी परतताना वाईट वाटले होते, तो मुलगा आज पहिल्या जागी गोटा ठेवून खूण करतो. मध्येच तो उठून पाण्याच्या कडेला जातो आणि तीन गोटे कोरडे आहेत की नाहीत, हे पाहून येतो. त्याला हे कोणी सांगितलेले नाही. आबा दुरून ते पाहतात आणि काहीच बोलत नाहीत.

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या गावाजवळ ओढे, नद्या व लहानमोठे धबधबे असतील. ते पाहण्याची हौस अवश्य धरा. परंतु अशा ठिकाणी एकट्याने किंवा केवळ बरोबरीच्या मित्रांसह जाऊ नका. वडीलधाऱ्यांना आणि त्या नदीची माहिती असलेल्या माणसांना सोबत घ्या. पावसाळ्यात पात्रात उतरू नका. रान राखीव असेल, तर वनविभागाची परवानगी असल्याखेरीज आत पाऊल टाकू नका. खाल्लेल्या शिदोरीचे कागद व पिशव्या परत आणा. आपण सहस्रकुंडाखाली टाकलेली पिशवी पुढच्या पाण्याबरोबर हिवरा संगमच्या परिसरात, म्हणजे आपल्याच दारी येते.

सायंकाळी मुले घरी परततात. त्यांच्या वहीत एक आकडा आहे, आणि तो त्यांनी स्वतः मिळविलेला आहे. परंतु तो आकडा मिळण्यास त्यांना दोनदा जावे लागले, हे त्यांच्यापैकी कोणीही विसरणार नाही. पहिल्या वेळी ती पायथ्यापासून परत फिरली, म्हणूनच दुसऱ्या वेळी तेथे पोचू शकली. नदीला तिची घाई असते. माणसाने मात्र तिच्या काठी थोडे थांबावे, तीन गोटे मांडावेत आणि ती काय सांगते, ते आधी वाचावे.